दस्तगीर मिस्त्री आणि मागची सीट

कापूरहोळच्या चौकातून भोरकडे वळलं की डाव्या हाताला आता एक रसवंती आहे. मी तिथं कधीच थांबत नाही. रस वाईट असेल असं नाही, पण जिथं त्यांनी बाकं टाकलीत तिथं पूर्वी दस्तगीर मिस्त्रींचा खड्डा होता, गाडीच्या पोटाखाली उतरून काम करायचा. आणि खड्ड्याशेजारी कडुलिंबाखाली एक जागा होती. दुरुस्त झालेली गाडी मिस्त्री तिथं उभी करत, सगळ्या काचा वर करत, इंजिन चालू ठेवत आणि मागच्या सीटवर जाऊन बसत. भर दुपारी, गाडीच्या मालकाला बाहेर उभं करून. एकटेच बसत. म्हणजे बहुतेक वेळा एकटेच.

मी विंझरच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि नसरापूरला राहते. दिरांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मला दिली, तिच्या सगळ्या खोडींसकट. वर "वहिनी, गाडी नाही, लक्ष्मी आहे" असंही ऐकवलं. लक्ष्मीला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मार्गासनीच्या पुढच्या चढावर ती धापा टाकायची. खालून खुळखुळा वाजल्यासारखा आवाज यायचा, सीटखाली पाय भाजायचे, आणि गाडी थांबवली की सडक्या अंड्यांचा वास सुटायचा. बाई आल्या हे आठवीच्या वर्गाला खिडकीत न बघता कळायचं. डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र सारखं पेटलेलं असे, त्याचा त्रास होतो म्हणून मी त्यावर एक काळी टिकली चिकटवली होती. विज्ञानाच्या शिक्षिकेनं केलेलं हे काम आहे, हे मी मुद्दाम सांगते.

पीयूसीवाल्यानं सायलेंसरच्या तोंडात नळी घातली आणि आकडा बघून मान हलवली. मग हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं खाली वाकून निदान केलं. "मॅडम, धूर साफ करायचा कन्व्हर्टर गेलाय. आतली जाळी फोडून काढायची आन् रिकामा डबा परत बसवायचा. गाडी पळंल बघा. सगळेच तसं करत्यात." मला ते पटलं होतं. फक्त त्याच्याकडे वेल्डिंग नव्हतं, म्हणून त्यानं मला कापूरहोळला दस्तगीर मिस्त्रींकडे धाडलं.

खड्ड्यातून आधी एक टोपी वर आली. ती कधीकाळी पांढरी असावी. मग एक लांबोडका, वाळका म्हातारा वर आला. माझ्याकडे न बघता तो सरळ गाडीकडे गेला आणि मागच्या काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली. आत कुणी नव्हतं. मग दार उघडून त्यानं आत डोकावलं, दार हळू लावलं आणि माझ्याकडे वळला.

"बोला."

"आतली जाळी काढून रिकामा डबा बसवायचाय," मी म्हटलं. भोपळी मिरचीतल्या बिया काढायला सांगावं इतक्या सहज.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"सगळे तसंच करतात म्हणे."

"सगळ्यास्नी करू द्या. म्या न्हाई करत." मग जरा थांबून, "तुमी काय करता?"

"विंझरला शाळेत शिकवते. विज्ञान."

"आसं व्हय! मग बाई, तुमीच सांगा, त्या जाळीत काय व्हतं?"

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. इंजिनातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, तो विषारी असतो, त्याला रंग नसतो, वास नसतो. जाळीवरून जाताना त्याचं विष जातं. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. माझ्या कुठल्याच वर्गानं मला इतकं ऐकून घेतलेलं नाही.

"आन् जाळी काढली तर?"

"तर तो तसाच बाहेर पडतो."

"बाह्यरच पडतो," मिस्त्री म्हणाले, "आसं कोण म्हनलं तुमास्नी?"

नवा कन्व्हर्टर पुण्याहून मागवायचा ठरला आणि मी दोन दिवस एसटीनं शाळेला गेले.

तिसऱ्या दिवशी शाळा अर्धी होती म्हणून काम चालू असताना मी तिथंच बसले, आणि दस्तगीर मिस्त्री हे काय प्रकरण आहे ते मला कळू लागलं. गंजलेल्या नटांना ते "या, या, बाह्यर या" असं रुसलेल्या जावयाला बोलवावं तसं बोलवत. आधी तेल सोडत, मग गॅसच्या ज्योतीनं तापवत, मग पुन्हा वाट बघत. हिसका म्हणून कधी द्यायचे नाहीत. अंडं त्यांनी वीस वर्षांत तोंडात घातलं नव्हतं. "दिवसभर नाकात तेच, आन् ताटातबी तेच व्हय?" काळा धूर ओकत ट्रक गेला की लोक नाक दाबत, मिस्त्री मात्र त्याच्याकडे कौतुकानं बघत. "त्यो बरा. दिसतो तरी."

जुना डबा खाली आल्यावर त्यांनी तो माझ्या कानाशी धरून हलवला. खुळखुळा तोच होता. वर्तमानपत्रावर उपडा केला तर आतून राखाडी तुकड्यांचा चुरा पडला. एवढ्याशा चुऱ्यानं मला आठ महिने छळलं होतं. नवा कन्व्हर्टर बसला, जोडाला नवं पॅकिंग बसलं, गाडी चालू केली, आवाज गेला, वासही गेला. टिकली काढून बघितली तर पिवळं चित्रही विझलं होतं. मी खूश होऊन किल्ली मागितली.

"थांबा. आजून बसायचं ऱ्हायलंय," मिस्त्री म्हणाले आणि मागच्या घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "हलिमा, ये गं."

त्यांची बायको आली. ठेंगणी, गोरी, पायात हिरव्या रबरी चपला, एका हातात तिवई आणि दुसऱ्या हातात सूपभर तांदूळ. गाडी कडुलिंबाखाली नेली. काचा वर झाल्या. मिस्त्री ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, शेजारची डावी जागा मोकळी सोडून. हलिमाचाचीनं त्यांच्या दाराशी तिवई मांडली, सूप मांडीवर घेतलं, डावा हात दाराच्या हँडलवर ठेवला आणि उजव्या हातानं तांदूळ निवडायला लागली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"टेस्टिंग," चाची म्हणाली. "सूप निवडून हुईस्तवर बसत्यात."

मधूनच ती काचेवर टकटक करी. आतून मिस्त्री एक बोट वर करत. काचेवर कडुलिंबाची सावली हलत होती, त्यामुळे त्यांचा चेहरा धड दिसत नव्हता, फक्त बोट दिसायचं. रस्त्यावरून भोरच्या जीपा जात होत्या, हॉर्न वाजत होते, आणि का कोण जाणे, मला तिथून निघून जावंसं वाटू लागलं.

सूप संपलं. चाचीनं दार उघडलं आणि नवऱ्याला उतरू न देताच विचारलं, "येल्ह्यापासनं सांगा."

"येल्हं, विंझर, मार्गासनी, आंबवणं, नसरापूर, कापूरव्हळ," मिस्त्री म्हणाले.

चाचीनं मान डोलावली. मला म्हणाली, "डोस्क्यात वारं शिरलं की आधी मधला थांबा गळतो. म्हून उलटं इचारायचं." ते उलटं खरं तर तिचं सुलटं होतं. तिचं माहेर विंझरचं. नवी नवरी म्हणून ती एसटीनं याच क्रमानं इकडे आली होती.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "कोण व्हतं?"

बहुतेक गाड्यांना मिस्त्री याचं एकच उत्तर देत, हे मला नंतर कळलं. "एकटाच व्हतो," असं म्हणत. मग मालकाला किल्ली मिळे. त्या दिवशी ते म्हणाले, "न्हाई. आजी व्हत्या."

मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही. मिस्त्री अनवाणीच उतरले, आणि चाचीनं आत वाकून त्यांच्या चपला काढल्या. त्या त्यांच्या पायाशी नव्हत्या. शेजारच्या मोकळ्या जागेपुढे नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या.

मागची सीट उचलली. गालिचा उलटला. डाव्या बाजूला पत्र्याचं रबरी बूच कधीतरी गळून पडलं होतं आणि ते भोक गंजून अंगठा जाईल एवढं झालं होतं. त्याच्या बरोबर खाली सायलेंसरच्या जोडाला केसासारखी चीर होती. नव्या कन्व्हर्टरनं विष कमी केलं होतं, पण जे उरलं होतं ते वर येत होतं.

आठ महिने मी विंझरच्या दोन पोरींना त्या सीटवर बसवून शाळेतून आंबवण्याच्या क्लासला सोडत होते. त्या पेंगायच्या, त्यांना मळमळायचं, कपाळ दुखतं म्हणायच्या. गाडी लागते असं समजून मी त्यांना हुंगायला लिंबू देत होते. कडुलिंबाखाली उभी असताना मला ते लिंबू आठवलं. चाचीनं न विचारता तिवई माझ्याखाली सरकवली.

त्या आजी कोण, हे चाचीनंच मला पुढे सांगितलं. मिस्त्री खड्ड्यात होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलत होती.

"पयल्यांदा हेबी जाळ्या फोडायचे. भोरचं एक घर व्हतं, कोकणात कार्याला निघालं व्हतं. ह्यांनी जाळी काढली, पर जोडातनं धूर गळू न्हाई म्हून लागतं ते पॅकिंग आलं न्हवतं. घाई व्हती त्यास्नी. हे म्हनले, जुनंच लावतो, येताना टाका, बदलून देतो. वरंधा घाटात दरड आली. सकाळधरनं गाडी हुबी. पाऊस, काचा वर, इंजिन चालू. ल्योक-सून सारखी उतरायची, रस्ता कवा हुतोय बघाया. आजी मागं बसून ऱ्हायल्या. मांडीवर लाडवाचा डबा व्हता. तशाच झोपल्या."

"उठल्या नाहीत?"

"न्हाई. लोक म्हनले, म्हातारीला सोन्यासारखं मरण आलं. दिवस-वार झाल्यावर ल्योक गाडी घेऊन आला, पॅकिंग बदलाया. ह्यांनी गालिचा काढला तर सीटखाली आजीच्या चपला. तशाच." चाचीचा हात तांदळात थांबला. "ह्यांनी त्याला सांगितलं, माझ्या हातनं झालं म्हून. त्यो म्हनला, आईचं वय झालं व्हतं मिस्त्री, मनाला लावून घिऊ नका. बाई, त्यानं माफ केलं आसतं तर हे सुटले आसते. त्यानं गुन्हाच धरला न्हाई."

तेव्हापासून मिस्त्री प्रत्येक गाडीत बसत. गाडी बरी असली की एकटे असत. बरी नसली की शेजारी आजी येऊन बसत. "अनवाणी येत्यात," चाची अगदी घरगुती सुरात म्हणाली. "म्हून हे आपल्या चपला फुडं सारत्यात."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की हा वायू रक्तातला प्राणवायू अडवतो, मेंदूला भास होतात, माणसाच्या मनात जे असेल ते त्याला दिसतं. यात काही गूढ नाही. नवरा म्हणाला, "मग तू मला तीनदा का सांगतेयस?"

पण विज्ञानाचं माणूस गप्प कसं बसणार! मी हवेतला कार्बन मोनॉक्साईड मोजणारं एक बोटभर यंत्र मागवलं आणि मिस्त्रींना नेऊन दिलं. गॅस असला की ते कर्कश ओरडतं. आता बसायची गरज नाही, असं मी त्यांना समजावलं. चाचीनं ते दोन बोटांत धरून उलटसुलट बघितलं. "ही आनली व्हय माझी सवत! वरडतीबी माझ्यावानीच." मिस्त्री लाजून हसले. ते हसले की अगदी लहान दिसत. त्यांनी यंत्र घेतलं, खिशाला अडकवलं, आणि तरी बसायचं काही सोडलं नाही. यंत्र आणि आजी यांचं कधी दुमत झालं नाही, हे मात्र मी स्वतः वर्षभर पाहिलं.

एकदा मीच हट्ट धरला. एक जुनी जीप आली होती, तिचा जोड फुटल्याचं बाहेरूनच ऐकू येत होतं. दुरुस्तीआधी मलाही तुमच्याबरोबर बसायचंय, म्हटलं. मिस्त्री नको म्हणाले. चाची म्हणाली, "बसू द्या, बघू द्या एकदा. पर बाई, म्या दार उघडलं की उतरायचं." मी पुढे बसले. काचा वर गेल्या. यंत्र लगेच ओरडायला लागलं. थोड्याच वेळात माझं कपाळ ठणकू लागलं. बाहेर चाचीचं तोंड, सूप, तिचा हँडलवरचा हात, सगळं मला दिसत होतं, पण आवाज लांबून यावेत तसे येत होते. मी आरशात मागे बघितलं.

मिस्त्री अंग चोरून उजवीकडे सरकत होते. एसटीत कुणी म्हातारं माणूस चढलं की आपण सरकतो तसे. त्यांनी पायानं चपला पुढे सारल्या. मग सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. डाव्या बाजूच्या. डाव्या बाजूला कुणीही नव्हतं. मला तरी कुणी दिसलं नाही, फक्त तिथलं रेक्झिन हळूहळू खाली दबत होतं, आणि जीपमध्ये कुठूनतरी बेसनाच्या लाडवाचा वास आला.

चाचीनं दार उघडलं. मी बाहेर पडून ओकले. "येल्ह्यापासनं," तिनं आधी मला विचारलं. रोजचा माझा रस्ता तो. मी म्हटलं, "वेल्हे, विंझर, नसरापूर, कापूरहोळ." मधले दोन थांबे गेले होते. ते माझ्या मेंदूनं केलेले खेळ होते, हे मला माहीत आहे. लाडवाची गोष्ट मी आधी ऐकली होती, हेही माहीत आहे. त्या जीपमध्ये पुन्हा पाऊल मात्र मी ठेवलं नाही.

हलिमाचाची गेली ती साध्या तापानं. तीन दिवस भोरच्या दवाखान्यात होती. मी भेटायला गेले तेव्हा मला म्हणाली, "आता ह्यांचं दार कोण धरंल?" मी म्हटलं, तुम्हीच धराल, बऱ्या होऊन घरी या. ती गेल्यावर मला ते वाक्य रोज आठवायचं. ती तक्रार नव्हती, ती मला विचारत होती.

महिना-दीड महिना मी तिकडे फिरकले नाही. शाळेच्या परीक्षा होत्या, हे खरं आणि अर्धं. मग एका दुपारी गेले. आवारात पाच-सहा जुन्यापुराण्या गाड्या उभ्या होत्या, खड्ड्यावर मात्र एकही नव्हती. काम थंडावलेलं. तिवईवर चाचीचं सूप होतं, आणि सुपात यंत्र पडलं होतं, बंद करून ठेवलेलं.

कडुलिंबाखाली एक गाडी चालू होती. तिच्या खालून फटफट आवाज येत होता, म्हणजे ती दुरुस्त झालेलीच नव्हती. काचा वर होत्या. मागच्या सीटवर मिस्त्री होते, अंग चोरून, उजवीकडे सरकून, डावीकडे मान कलती करून. त्यांचे ओठ हलत होते. चेहऱ्यावर ते लाजरं हसू होतं.

मी धावत जाऊन दार ओढलं. "मिस्त्री! वेल्ह्यापासून सांगा! सांगा आधी!"

"येल्हं," ते म्हणाले. "विंझर." आणि तिथंच थांबले.

"पुढे?"

"विंझरला उतरायचंय. हिचं माह्यार हाय."

मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. ते माझ्याहून हातभर उंच, तरी आले. झाडाला टेकवून बसवलं, इंजिन बंद केलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे बघितलं ते रागानं. त्यांचा राग मी तेवढा एकदाच पाहिला.

"दार का उघाडलं, बाई? आत्ता कुठं बसली व्हती."

"कोण?"

"आजी आता येत न्हाईत. ही येती. वाईट गाडीतच येती, बऱ्या गाडीत न्हाई. म्हून तर..." त्यांनी आवारातल्या गाड्यांकडे हात केला. दुरुस्त न करता ठेवलेल्या त्या गाड्या मी आत्ता नीट पाहिल्या.

मी चिडले. भीतीनं चिडले, मायेनं चिडले, काही म्हणा. "मिस्त्री, इतकी वर्षं चाची कधी गाडीत बसली का हो? एकदा तरी? ती बाहेर बसायची. तुम्हाला बाहेर काढायला! आत जी येऊन बसते ती चाची असेलच कशी? चाची असती तर तिनं तुम्हाला आत बसून राहू दिलं असतं?"

मग त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि टोपीच्या आत रडले. मीही रडले. रस्त्यावरून जीपा जात होत्या आणि कुणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं.

मी त्यांच्या वाईला राहणाऱ्या मुलीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आली आणि महिनाभर राहिली. तिनं एकेका मालकाला बोलावून गाड्या परत दिल्या. वडिलांना घेऊन जायचं ठरलं. खड्ड्यावर फळ्या टाकण्याच्या आधी एक शेवटची गाडी करू द्या, म्हणून मिस्त्रींनी मलाच निरोप धाडला. विंझरजवळच्या गतिरोधकावर माझ्या गाडीचा सायलेंसर घासला होता, ते त्यांना मी बोलले होते.

दोन तासांचं काम त्यांनी चार तास केलं. नटांना या, या म्हणाले. मग गाडी कडुलिंबाखाली घेतली, यंत्र खिशाला लावलं, काचा वर केल्या आणि बसले. तिवईवर मी बसले. मांडीवर सूप, डावा हात हँडलवर. मला तांदूळ निवडता येत नाहीत, मी निम्मे खडे तसेच ठेवले. टकटक केली की बोट वर येत होतं. यंत्र गप्प होतं. काचेवर सावली हलत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, शिक्षिका असून, मनात म्हणत होते की आज आत कुणी नसू दे.

सूप संपलं. मी दार उघडलं. "वेल्ह्यापासून."

"येल्हं, विंझर, मार्गासनी, आंबवणं, नसरापूर, कापूरव्हळ."

दुसरा प्रश्न विचारायचा मला धीर होत नव्हता. विचारला. "कोण होतं?"

"एकटाच व्हतो," मिस्त्री म्हणाले.

इतकी वर्षं हे ऐकलं की मालकांचे चेहरे खुलत. मी मान खाली घातली. त्यांच्या चपला त्यांच्याच पायाशी होत्या. ते त्या घालून उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी बरी हाय, बाई. पोरींस्नी बसवा खुशाल."

मी गाडी रस्त्याच्या कडेला आणून लावली, त्यांच्या मुलीशी थोडा वेळ बोलले आणि मग निघाले. वळायला वाव नव्हता, पलीकडून भोरची एसटी येत होती, म्हणून थांबून राहिले आणि आरशात बघितलं. मुलीनं मागवलेली एक रिकामी गाडी कडुलिंबाखाली येऊन उभी होती, सामान न्यायला. ड्रायव्हर चहाला गेला होता. इंजिन बंद होतं, काचा वर होत्या. मिस्त्री तिवईवर बसले होते, बाहेर, मांडीवर सूप घेऊन. डावा हात मागच्या दाराच्या हँडलवर होता. ते मी सोडलेले खडे निवडत होते. मधेच त्यांनी काचेवर दोनदा टकटक केली, वाट बघितली, आणि बोट दिसल्यासारखी मान डोलावली.

मग ते उठले आणि दार उघडलं. ओठ हलले. एवढ्या अंतरावरून मला ऐकू आलं नाही, पण ते काय विचारत होते हे मला माहीत होतं. उत्तराला लागतो तेवढा वेळ ते थांबले, सहा थांब्यांइतका. पुन्हा मान डोलावली. तिवईखालून त्यांनी चाचीच्या हिरव्या रबरी चपला काढल्या, वाकून दाराशी जोडीनं नीट मांडल्या, आणि उतरणाऱ्या माणसाला वाट द्यावी तसे एक पाऊल मागे सरकले.